पदवी आणि पाना

वर्धा-यवतमाळ रस्त्यावर आमचे देवळी गाव. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. ती पुलगावहून वर्ध्याकडे निघून गेली आणि मधले देवळी बाजूला राहिले. कापसाच्या बैलगाड्या मग पुलगाव-वर्ध्याच्या स्टेशनांकडे वळल्या. आमच्या गावाला आगगाडीची शिटी ऐकू यायला २०२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला वर्धा-कळंब मार्गाचे उद्घाटन झाले आणि देवळीचे नाव रेल्वेच्या वेळापत्रकात आले. दरम्यान गावाबाहेर एमआयडीसी झाली, लोखंडी सळया घडू लागल्या, भूगावला पोलादाचा कारखाना उभा राहिला, सेवाग्रामला इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. यंत्रे आली, कॉलेजेही आली. पण कॉलेजातून बाहेर पडलेले पोरगे यंत्रापाशी नेमके कसे पोचते, की मधेच कुठे बाजूला राहून जाते, हा प्रश्न आमच्या चौकाचौकात आजही विचारला जातो. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. इंजिनिअरिंग मला येत नाही. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या नागपूर-वर्ध्यातच घडला आहे. तो सांगावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

पिंजाऱ्याची धुनकी आणि जिनाचा रोलर

आमचे घराणे पिंजाऱ्याचे. खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव फिरायचे, गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा, हा पणजोबांचा धंदा. हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नसे. मुलगा बापाच्या मागे फिरायचा, तातीचा आवाज ऐकायचा, आणि हात बसला की वेगळी धुनकी घ्यायचा. लोहार, सुतार, विणकर, रंगारी या सगळ्यांची हीच रीत. उस्ताद आणि शागीर्द यांच्यामध्ये कागद नव्हता. या रीतीत गुण होता तसा दोषही होता. बापाला येत होते तेवढेच मुलाला येई. त्यापलीकडे जायची वाट नव्हती. आणि ज्या जातीत जन्म, त्याच जातीचे हत्यार हातात.

मग वाफेवरची जिने आली. सरकीपासून रुई वेगळी करणारी, गाठी दाबणारी यंत्रे विदर्भात ठिकठिकाणी बसली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. हिंगणघाटला, पुलगावला गिरण्या निघाल्या. एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतून आलेले. गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशायरचा माणूस आणावा लागला. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक गिरणीची हीच कथा आहे. भांडवल इथले, कापूस इथला, मजूर इथला. पण यंत्र समजणारा माणूस मात्र बोटीने यायचा.

खालच्या पायरीवर मात्र एक नवा माणूस तयार होत होता. तो म्हणजे मिस्त्री. माझे अब्बा देवळीतल्या एका जिनात फिटर होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण रोलरवरचे चामडे झिजले आहे की पात्याचा दाब जास्त झाला आहे, हे ते बाहेरच्या ओट्यावर बसून नुसत्या आवाजावरून सांगत. दाब जास्त झाला की चामडे तापते, त्याचा एक जळका वास येतो. अंतर चुकले की सरकी कापली जाते आणि रुईत मिसळते, भाव पडतो. हे सगळे त्यांना ठाऊक होते. ते असे का होते, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि नवा रोलर कसा बनवावा हे विचारायची सोय नव्हती. ही विद्या शिकवणारी सरकारी व्यवस्था आपल्याकडे फार उशिरा आली. नागपूरला जिनिंगचे प्रशिक्षण देणारे केंद्र निघाले ते १९८५ साली. तोवर विदर्भातली जिने शंभर वर्षांची म्हातारी झाली होती.

पुण्याचे कॉलेज कोणासाठी?

मग इंजिनिअरिंगची कॉलेजे काय करत होती? महाराष्ट्रातले पहिले कॉलेज पुण्याचे. १८५४ साली ते ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने सुरू झाले. त्याचा हेतू स्पष्ट होता. सरकारच्या बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे यांच्या कामावर हाताखालची माणसे हवी होती. ती तिथे तयार करायची. १८६६ मध्ये ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिथूनच १८८३ साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले आणि लगेच सरकारी नोकरीत नाशिकला रुजू झाले. याचा अर्थ असा, की आपल्याकडे इंजिनिअर हा शब्द जन्मला तोच सरकारी टोपी घालून. कारखान्याचा माणूस म्हणून तो जन्मला नाही. पदवी मिळाली की नोकरी मिळणारच, आणि ती खुर्चीची, हा समज आपल्या घराघरांत आजही का आहे, याचे मूळ तिथे आहे.

मुंबईत गिरण्या वाढल्या तेव्हा ही उणीव गिरणीमालकांना टोचू लागली. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. आपण तिला व्हीजेटीआय म्हणतो. कापडगिरण्यांना लागणारी माणसे घडवणे, हे तिचे पहिले काम. गंमत अशी, की या संस्थेतून महाराष्ट्राला मिळालेला एक मोठा उद्योजक तिचा विद्यार्थी नव्हता, शिक्षक होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे यांत्रिक चित्रकला शिकवत. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली, बेळगावला जाऊन भावासोबत सायकलींचे दुकान चालवले, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगराच्या लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या माळावर लक्ष्मणरावांनी आसपासच्या खेड्यांतली माणसे हाताशी धरून त्यांनाच कारागीर बनवले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची. त्यांना तयार माणूस कुठल्याच कॉलेजातून मिळणार नव्हता.

पहिल्या महायुद्धात बोटी बंद झाल्या, यंत्रांचे सुटे भाग येईनात, तेव्हा सरकारलाही जाग आली. १९१६ ते १९१८ या काळात सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग बसला. त्याने सांगितले, की यंत्रविद्या शिकणाऱ्याची खरी शाळा वर्कशॉप आहे. वर्ग त्याला जोडून असावेत. सांगणे सोपे होते. करायचे कोणी?

कामठीचे मृत्युपत्र

इथे आपल्या नागपूरचा अध्याय सुरू होतो. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. त्या काळी मध्यप्रांतातले मँगनीज जमिनीतून निघे, मालगाडीत भरले जाई आणि बहुतेक सगळे बोटीने परदेशी जाई. त्याचे पोलाद तिकडे होई. आपल्या वाट्याला खड्डा आणि मजुरी. हा व्यवहार लक्ष्मीनारायण यांनी आयुष्यभर जवळून पाहिला होता. १९३० साली ते वारले. नागपूर विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचे होते. त्यांच्या मृत्युपत्राने सुमारे पस्तीस लाख रुपयांची संपत्ती या विद्यापीठाला मिळाली, आणि ती कशासाठी वापरायची हेही ठरलेले होते. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. सोन्याचा भाव तोळ्याला वीस-पंचवीस रुपयांच्या घरात होता त्या काळातले हे पस्तीस लाख.

त्यातून १९४२ मध्ये नागपूरच्या अमरावती रस्त्यावर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. नागपूरकर तिला एलआयटी म्हणतात. ती विद्यापीठाने स्वतः चालवलेली संस्था होती. तिथे रासायनिक अभियांत्रिकी शिकवली जाऊ लागली आणि पुढे तेल, अन्न, कागद, रंगलेप, प्लॅस्टिक, पेट्रोलियम असे एकेक विषय आले. ही यादी नीट पाहा. सरकी आणि जवस पिकवणाऱ्या, संत्री पिकवणाऱ्या, बांबूची जंगले असणाऱ्या मुलखाला जे शिकायला हवे तेच यात आहे. २०२३ मध्ये या संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

नागपूरच्या आधी असाच प्रयोग मुंबई विद्यापीठाने केला होता. १ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला. यूडीसीटी या नावाने तो पुढे जगभर गाजला. २००८ मध्ये तोही स्वतंत्र झाला. सुरुवातीला दोनच विषय होते, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. मुंबईच्या गिरण्यांना रंग आणि धुलाई यांचे शास्त्र हवे होते, ते समोर ठेवूनच ही निवड झाली. १९३८ मध्ये रंगद्रव्यांचे मोठे अभ्यासक के. वेंकटरामन त्याचे संचालक झाले. पुढे तिथेच प्रा. मनमोहन शर्मा घडले, डॉ. रघुनाथ माशेलकर शिकले. गिरगावातल्या गरिबीत वाढलेला मुलगा १९६६ मध्ये तिथून रासायनिक अभियंता होऊन बाहेर पडतो आणि देशाच्या विज्ञानाचे नेतृत्व करतो, हे त्या शिक्षणाचेच फळ.

या दोन्ही ठिकाणी विद्यार्थी उद्योगासाठी कसा तयार होई? माझ्यासारख्या बी.ए. माणसालाही कळेल अशी ती गोष्ट आहे. साखर असो, तेल असो, औषध असो की रंग, प्रत्येक कारखान्यात काही कामे तीच ती असतात. तापवणे, थंड करणे, गाळणे, वाळवणे, ढवळणे, वाफ करून पुन्हा द्रव करणे. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास आर्थर लिटल या रसायनतज्ज्ञाने ही कल्पना मांडली, की प्रत्येक कारखाना वेगळा शिकवू नका. ही मूळ कामे शिकवा. ज्याला वाळवणे कळले तो मिरचीही वाळवील आणि औषधाची भुकटीही. म्हणून अशा संस्थेत प्रयोगशाळेच्या जोडीला एक छोटा कारखानाच असतो. परीक्षानळीत जमलेली क्रिया शंभर लिटरच्या भांड्यात बिघडते ती का, हे विद्यार्थ्याला तिथे घाम गाळून कळते. सुटीत तो खऱ्या कारखान्यात जातो. त्याचे प्राध्यापकही कारखान्यांना सल्ला देतात आणि तिथली अडचण वर्गात घेऊन येतात. अशा वर्गातली उदाहरणे शिळी होत नाहीत. विद्यापीठ विद्यार्थ्याला एका मालकासाठी तयार करत नाही, धंद्यासाठी तयार करते, हा यातला मुद्दा.

शेगावचा सल्ला

आता नागपूरहून आपल्या वर्ध्याला येऊ. लक्ष्मीनारायण संस्थेची इमारत अजून उभी राहायची होती. गांधीजी १९३६ पासून शेगावला राहत होते. त्याच गावाला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. देवळीहून ते वर्ध्यामार्गे पंचवीसेक किलोमीटर. ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी उच्च शिक्षणाविषयी एक लेख लिहिला. त्यातला विचार असा, की इंजिनिअर घडवण्याचा भार सरकारी तिजोरीवर नको. ज्या उद्योगांना इंजिनिअर लागतात त्यांनीच सरकारच्या देखरेखीखाली कॉलेजे चालवावीत आणि खर्च सोसावा. टाटांनी इंजिनिअरांचे कॉलेज चालवावे, गिरणीमालकांच्या संघांनी आपल्याला लागणाऱ्या पदवीधरांचे.

यंत्राचे वैरी समजल्या गेलेल्या माणसाने हे लिहिले, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पण गांधीजी कारागिरीला कमी लेखणारे नव्हते. १९२९ मध्ये चरखा संघाने उत्तम चरखा शोधणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. यंत्र कोणासाठी आणि कोणाच्या ताब्यात, एवढाच त्यांचा सवाल होता.

आणि त्यांची सूचना हवेतली नव्हती. टाटांनी जमशेदपूरला १९२१ मध्येच तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली होती. पोलादाच्या भट्ट्यांवर परदेशी तज्ज्ञ होते. त्यांची जागा घेणारी आपली मुले तिथे भट्टीशेजारीच तयार होत होती. त्याच्याही आधी, १९०६ साली, अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने सत्तावीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, आलटून पालटून. जी मुले शिकता शिकता कामही करतात ती पुढे अधिक समजदार निघतात, हे त्याने पाहिले होते. आपल्याकडे पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ पासून विद्यार्थ्यांना काही महिने उद्योगातच ठेवून शिकवण्याची पद्धत रुळवली.

गांधीजींच्या त्या लेखानंतर तीनच महिन्यांनी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्यात मारवाडी विद्यालयात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले. तिथे नई तालीमचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन. विनोबा, काकासाहेब कालेलकर, कुमारप्पा हे सभासद. ही योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती, कॉलेजासाठी नव्हती. पण तिचा गाभा आपल्या विषयाचाच आहे. हाताने केलेल्या कामातून बुद्धीला शिकवायचे.

मला या अहवालातला एक इशारा फार महत्त्वाचा वाटतो. झाकिर हुसेन समितीने आपल्याच योजनेतला धोका सांगून ठेवला आहे. या योजनेत पैशाच्या बाजूला जास्त महत्त्व आले तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिकणे बाजूला राहील, असे तिने बजावले. हस्तव्यवसायाचा पुरस्कार करणाऱ्यांनीच हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे. कामातून शिक्षण आणि शिक्षणाच्या नावाखाली काम, यांतली रेघ बारीक असते. आज ‘इंटर्नशिप’ या नावाखाली मुलांना जे सहा-सहा महिने राबवले जाते, त्याच्याकडे पाहताना हा वर्ध्याचा अहवाल हातात ठेवावा.

कोणत्या भाषेतला पाना?

आणखी एक अंतर आहे, भाषेचे. जिनातल्या मिस्त्रीची भाषा आणि कॉलेजातल्या प्राध्यापकाची भाषा वेगळी. या बाबतीत आपल्या शेजारी एक धाडस झाले होते. हैदराबादच्या निजामाने १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान काढले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यासाठी भाषांतराचे खास दफ्तर उघडले गेले, शास्त्रीय शब्द घडवले गेले, ग्रंथ उतरवले गेले. १९२९ मध्ये तिथे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले आणि तेही उर्दूतून चालले. हिंदुस्थानी भाषेत पूल आणि यंत्र यांचे गणित शिकवता येते, हे तिथे सिद्ध झाले.

पण पूर्ण गोष्ट सांगायची तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. परभणी-नांदेडच्या मराठी मुलाला ती उर्दूही परकीच होती. त्याच्यासाठी इंग्रजी जाऊन उर्दू आली, मराठी आली नाही. माझ्या घरात उर्दूचे शब्द आहेत, लिहिणे मराठीत आहे. म्हणून मला या प्रयोगाचा अभिमानही वाटतो आणि त्यातली उणीवही दिसते. ज्या भाषेत मुलगा आवाज ओळखतो, वास ओळखतो, त्या भाषेत त्याला कारण सांगितले गेले पाहिजे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगची पदवी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. उशीर झाला, पण वाट उघडली.

कायदा झाला, कॉलेजे वाढली

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. १९४५ मध्ये नलिनीरंजन सरकार समिती बसली, तिच्या शिफारशीतून आयआयटी निघाल्या. मुंबईची पवईला १९५८ मध्ये. १९६० मध्ये नागपूरला विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ज्यांचे नाव त्याला दिले ते विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. २००२ मध्ये ते राष्ट्रीय संस्था झाले, आज आपण त्याला व्हीएनआयटी म्हणतो. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आधी तो कारागिरांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारक इंजिनिअरही त्यात आले. कारखान्याने वर्षभर त्यांना शिकवायचे, विद्यावेतन द्यायचे, आणि किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकारने उचलायचा. शेगावचा सल्ला आणि नागपूरचे विद्यापीठ यांची गाठ घालणारा हा कायदा होता, असे म्हटले तर चूक ठरू नये.

मग १९८३ साल आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. राज्यभर कॉलेजे निघाली. या निर्णयावर टीका करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली. पण त्यामुळे दारे उघडली, हेही खरे. पुण्या-मुंबईला पोर ठेवणे ज्यांना झेपत नव्हते त्या कास्तकाराचा, मास्तराचा, मिस्त्रीचा मुलगा, आणि पुढे मुलगीही, बसने जाऊन-येऊन इंजिनिअर होऊ लागली. आमच्या मोहल्ल्यातल्या पहिल्या इंजिनिअर मुली याच कॉलेजांतून आल्या. हे पुण्याच्या जुन्या कॉलेजाने कधी केले नसते.

पण दार उघडून आत काय ठेवले? नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत प्रयोगशाळेला जोडून छोटा कारखाना होता. अनेक नव्या कॉलेजांत तो नव्हता. शेगावच्या सल्ल्यात कारखानाच कॉलेजाचा पालक होता. नव्या कॉलेजाला असा पालक नव्हता, पालक होते ते फी भरणारे आईबाप. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत मिळू लागला. नव्वदीनंतर संगणकाच्या कंपन्या आल्या आणि ‘कॅम्पस इंटरव्ह्यू’ हा नवा सण सुरू झाला. मेकॅनिकलचा, सिव्हिलचा, सगळ्या शाखांचा मुलगा एकाच रांगेत उभा. तिथे यंत्राचे कोणी विचारत नव्हते. इंग्रजी बोलता येते का, चारचौघांत वाद घालता येतो का, हे विचारत होते. मग कॉलेजांनीही तेच शिकवायला घेतले. उद्योगासाठी तयारी म्हणजे टाय बांधणे आणि मुलाखतीला हसून उत्तर देणे, असा अर्थ रूढ झाला.

काही वर्षांपूर्वी शेजारचा एक मुलगा मेकॅनिकलची पदवी घेऊन पेढे द्यायला घरी आला होता. अब्बा तेव्हा होते. त्यांनी पेढा घेतला, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले, “काय रे बापू, कोन्त्या मशीनवर हात बसला तुहा?” मुलगा गुणी, लाजला. म्हणाला, “चाचा, मशीन पाह्यल्या तं सगळ्या. हात लावू नाही देत कोनी.” अब्बा काही बोलले नाहीत. चौथी शिकलेल्या माणसाला कारण माहीत नव्हते आणि पदवीवाल्या मुलाला आवाज माहीत नव्हता. दोघेही एका ओट्यावर बसलेले. दीडशे वर्षांत आपण हे दोघे एका माणसात आणू शकलो नाही, एवढे मला त्या दिवशी समजले. त्या मुलाने पुढे शिकाऊ उमेदवारीचे एक वर्ष काढले, रात्रपाळ्या केल्या, आणि आज तो स्वतःच्या बळावर उभा आहे. कायद्यातले ते वर्ष त्याच्या उपयोगी पडले. पण त्याच्यासोबतच्या कितीतरी मुलांना असा कायदा आहे हेच कुणी सांगितलेले नव्हते.

हे व्हायला नवे काही शोधावे लागत नाही, हेच या इतिहासातून दिसते. कामठीच्या खाणमालकाने सांगितले, की मुलखात जे पिकते आणि निघते त्याचे शास्त्र विद्यापीठाने शिकवावे. शेगावच्या म्हाताऱ्याने सांगितले, की ज्याला इंजिनिअर हवा त्याने त्याला घडवण्याचा खर्च आणि जबाबदारी घ्यावी. झाकिर हुसेन यांच्या समितीने सांगितले, की काम शिकवताना मुलाला मजूर करू नका. तिन्ही गोष्टी आपल्या दोन जिल्ह्यांत, पंधरा वर्षांच्या आत सांगितल्या गेल्या. त्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. एकीशिवाय दुसरी अपुरी आहे.

देवळीच्या एमआयडीसीतले कारखाने आणि जिल्ह्यातली कॉलेजे यांच्यात बसने तासाभराचे अंतर नाही. जिनात आजही रोलर झिजतात, कापली गेलेली सरकी रुईत जाते, सळयांच्या कारखान्यात भट्टीची उष्णता वाया जाते. हे सगळे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट आहेत, आणि ते बाजारात तयार मिळत नाहीत. कॉलेजाच्या प्राध्यापकाने वर्षातून एक महिना कारखान्यात काढावा, कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रीला महिन्यातून एक दिवस वर्गात मानाने बोलवावे, आणि शिकाऊ उमेदवारीची माहिती पहिल्याच वर्षी प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी. एवढ्याला नवा आयोग लागत नाही. पदवीचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावायचा असतो, आणि त्यात वावगे काही नाही. आईबापांनी त्यासाठी वावर विकलेले असते. त्याच भिंतीवर पाना अडकवायला एक खिळा ठोकलेला असावा, एवढेच मागणे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)